आईला एकटं राहायचंय

"मॅडम, आईला घरात काही कमी नाही. तरी म्हणते, मला आठ दिवस एकटीला गोंदवल्याला जाऊ दे. हे डिप्रेशन तर नाही ना?"

समुपदेशनाच्या कामात शब्द थोडेफार बदलून हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. कधी आईच्या जागी बायको असते, कधी नुकतेच निवृत्त झालेले वडील. गोंदवल्याच्या जागी आळंदी असते, सज्जनगड असतो, वसईकडच्या एखाद्या घरात रिट्रीट, म्हणजे ख्रिस्ती लोकांची एकांतातली प्रार्थना, असते. मागणी एकच, थोडे दिवस कुणी हाक मारू नये आणि देवाचं नाव घेत स्वस्थ बसता यावं. घरच्यांच्या पोटातला गोळाही सगळीकडे सारखाच. म्हणून त्यातलं एक घर सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

डोंबिवलीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. काका, काकू, मुलगा, सून, तीन वर्षांचा नातू आणि काकांची ऐंशी ओलांडलेली आई. गोंदवल्याचं निमित्त झालं, पण मुलाला खरी धास्ती वेगळीच होती. आई बाथरूममध्ये कडी लावून अर्धा अर्धा तास बसते आणि नळ सोडून ठेवते. आत रडत असणार, आवाज बाहेर येऊ नये म्हणून नळ, असा त्याचा हिशेब. त्यात पाण्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा टोकलंही होतं.

काकूंशी एकटीने बोलले. आधी त्या ओशाळल्या, मग हसायलाच लागल्या. बादली पालथी घालून तिच्यावर बसून त्या जप करत होत्या. "कडी लावली तरी कुणी 'का लावलीस' विचारत नाही, अशी घरात तेवढी एकच जागा. नळ बंद असला की दोन मिनिटांत दार वाजतं. चालू असला की वाटतं, आंघोळ चाललीय." देवघर होतं, पण हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. "नामाला स्थळाचं बंधन नाही म्हणतात ना, ते मी जरा जास्तच मनावर घेतलं," असंही वर म्हणाल्या.

हे ऐकून मी निर्धास्त झाले असं मात्र नाही. नैराश्य आलेलं माणूसही कडी लावून बसतं, आणि पोथी-माळेच्या आड ते सहज झाकलं जातं. त्यामुळे सगळं नीट विचारलं. झोप? दहाला पडल्या की साडेचारला जाग, मध्ये नातवाने उठवलं तरच. जेवण व्यवस्थित. भिशीच्या बायकांत जातात, हसतात, गौरीचे फराळाचे डबे अजून हौसेने करतात. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन सतत उदास, आवडीच्या गोष्टींतही रस नाही, स्वतःविषयी 'माझा काही उपयोग नाही' असं वाटणं, यातलं काही नव्हतं. जगणं नकोसं वाटतं का, हेही स्पष्ट विचारलं. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावं.

मग म्हटलं, "गोंदवल्याला जाऊन करणार काय?" उत्तर तयार होतं. पहाटे काकडआरती, मग जप, स्वयंपाकघरात भाजी निवडायची सेवा, दुपारी महाप्रसाद, थोडी झोप, पुन्हा जप, संध्याकाळची उपासना. "आणि परत?" "सोमवारी रात्रीपर्यंत. मंगळवारी सासूबाईंची डोळ्याच्या डॉक्टरांकडे तारीख आहे."

या मंगळवारावर माझं बरंचसं मत बनलं. काकूंनी जायची तयारी परतीच्या दिवसापासून मागे मोजत केली होती. आपल्याकडच्या जुन्या एकांताच्या रीती पाहिल्या तरी त्यांना सुरुवात आणि शेवट असतो. अनुष्ठानाचे दिवस ठरलेले असतात. मुसलमान घरांत रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कुणी मशिदीत इतिकाफला बसतं, ते ईदचा चंद्र दिसला की घरी येतं. 'मला शांतता हवी' एवढंच ऐकलं की घरचे घाबरतात, कारण त्या वाक्याला तारीख नसते.

पुढच्या वेळी काका आले, सूनबाई आल्या. काकांचा सूर तक्रारीचा. "संसारात राहूनच परमार्थ करावा, हे संतांनी सांगितलंय. आणि मला एवढंच कळू दे, देवासाठी जायचंय की आमचा कंटाळा आलाय?"

काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही."

काका गप्प झाले. मला ते उत्तर फार आवडलं. भक्ती शुद्ध असली तरच एकांताचा हक्क, थकव्यासाठी मागितला तर ती पळवाट, असं आपण उगाच धरून चालतो. थकलेल्या माणसाला देवापाशी बसावंसं वाटलं तर त्यात खोट कसली? काकूंच्या पिढीला पूर्वी माहेरपणात ही विश्रांती मिळायची. "आता रुसून माहेरी जायचं वय गेलं, आणि माहेरही गेलं," त्या म्हणाल्या.

संतांचं म्हणाल तर तुकोबा संसारी होते आणि देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात जाऊन बसतही होते. ही गोष्ट मी काकांना सांगायला आणि सूनबाईंनी तोंड उघडायला एकच गाठ पडली. त्या एवढंच म्हणाल्या, "मग डोंगरावर भाकरी घेऊन जिजाई जायची ना?"

तुकोबांच्या बायकोविषयी परंपरा सांगते ती तसंच. आमच्या सगळ्या बैठकांतला कळीचा मुद्दा मला वाटतं हाच होता. सूनबाईंचा विरोध देवाला नव्हता, सासूबाईंनाही नव्हता. "आईंनी जरूर जावं. पण त्या आठ दिवसांत आजींच्या गोळ्या, बाळाचं प्ले-स्कूल, दोन वेळचा स्वयंपाक आणि माझं ऑफिस, हे कुणी धरलंय का?" कुणीच धरलं नव्हतं. घरातल्या एका बाईच्या एकांताचा भार बहुतेक वेळा दुसऱ्या बाईवर पडतो. हे न बोलता तिकीट काढलं की घरात धुसफूस सुरू होते, आणि खापर अध्यात्मावर फुटतं.

कागद घेऊन बसलो. आठाचे पाच दिवस झाले, ते काकूंनीच केले. गोळ्यांचा डबा आणि आजींचं दूध काकांकडे, नातवाची ने-आण मुलाकडे, दोन दिवस पोळी-भाजीचा डबा बाहेरून. फोन रोज रात्री एकदा, तोही काकूंनी करायचा.

मुलाने मध्येच इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचं नाव काढलं, अर्जही भरायला घेतला होता. केंद्र चांगलंच आहे. दहा दिवसांचं मौन, फोन जमा, पहाटे चारला उठणं, शुल्क नाही. पण तिथे शिबिराच्या काळात जप, माळ, पूजा सगळं बाजूला ठेवावं लागतं. काकूंना तर नामच घ्यायचं होतं. त्यांना काय हवंय हे न विचारता चांगलं काहीतरी देऊ करण्यात मुलाचं प्रेमच होतं. काकांचंही होतं, ते म्हणाले, "मीच येतो ना सोबत." काकूंनी कपाळाला हात लावला. शेवटी साताऱ्यापर्यंत सोडायला जायचं, पुढे दहिवडीकडची एसटी त्यांनी एकटीने धरायची, असं ठरलं. जायच्या आधी संस्थानात फोन करून एकटीची राहायची सोय आहे का तेवढं विचारायला सांगितलं. बऱ्याच भक्तनिवासांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत, आणि दारात जाऊन परत फिरणं फार लागतं.

गोंदवल्याआधी आणखी एक काम होतं, बाथरूम सोडवण्याचं. संध्याकाळी पावणेसात ते साडेसात काकूंची बेडरूम बंद, फोन बाहेर, काका नातवाला घेऊन खाली. खोलीची कडी गंजून बसली होती, ती त्याच आठवड्यात बदलली. तीर्थाला जाण्यापेक्षा या पाऊण तासाने जास्त काम केलं असं मला वाटतं. पाच दिवस वर्षातून एकदा, पाऊण तास रोज.

काकू जाऊन आल्या. चमत्कार काही नाही. काकांनी एक दिवस सकाळची गोळी दुपारी दिली. दोन दिवस चैनीत गेले, तिसऱ्या दिवशी नातवाच्या आठवणीने जपात लक्ष लागेना, असं काकूंनी स्वतःच सांगितलं.

तुमच्या घरात असा प्रश्न असेल तर जाण्याची, परतीची आणि मागच्या कामाची बोलणी आधी करा. मात्र माणूस परतीचं बोलणंच टाळत असेल, जवळच्या वस्तू वाटून टाकत असेल, 'माझ्यावाचून तुमचं बरं चालेल' म्हणत असेल, खाणं-झोप उडाली असेल, तर त्याला एकटं पाठवू नका. मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

शेवटच्या बैठकीला सूनबाई एकट्याच आल्या. त्यांना देवाधर्माचं विशेष नाही. नाशिकच्या मैत्रिणीकडे दोन दिवस, बाळाशिवाय, एवढंच मागायचं होतं, आणि ते सासूबाईंना कसं सांगावं हे विचारायला आल्या होत्या. मी म्हटलं, कागद तोच घ्या, तारखा तेवढ्या बदला.