प्रवासापुरते लोकेशन द्यावे, दिनक्रम देऊ नये

कासारवडवलीच्या ताईंचा प्रश्न असा आहे की, मुलगी यंदापासून नेरूळच्या कॉलेजात जाऊ लागली असून घरातल्या सर्वांचे ठिकाण एकमेकांना कायम दिसेल असे ॲप घ्यावे, असा तिच्या वडिलांचा आग्रह आहे. मुलगी नाराज आहे, पण स्नॅपचॅटच्या नकाशावर ती मैत्रिणींना दिसतेच. मग घरच्यांनी पाहिले तर बिघडले काय, असे त्या विचारतात. माझे मत आधीच सांगते: एका प्रवासापुरते ठिकाण दाखवणे फार उपयोगाचे आहे, पण ते कायम उघडे ठेवणे, मग ते घरच्यांसाठी असो वा मैत्रिणींसाठी, मी कोणालाही सुचवणार नाही.

उपयोगाबद्दल शंका नाही. घोडबंदर रोडवर वाहने खोळंबली असता किंवा पावसात ठाणे-नेरूळ गाड्या रखडल्या असता दर दहा मिनिटांनी फोन करून मुलीला हैराण करण्यापेक्षा नकाशावर तिची गाडी ऐरोली सोडून दिघ्याकडे सरकताना दिसणे दोन्ही बाजूंना सोयीचे असते. रात्री स्टेशनवरून रिक्षा केली, येऊरच्या जंगलात सकाळी फिरायला गेलेला गट पांगला, वाशीच्या नवख्या सेक्टरमध्ये पाहुण्यांना घर सापडेना, अशा प्रसंगी लाइव्ह लोकेशनइतके कामाचे दुसरे काही नाही. व्हॉट्सॲपने ही सोय 2017 साली आणली तेव्हापासून तिची मुदत 15 मिनिटे, 1 तास किंवा 8 तास अशीच आहे, आणि मुदत संपली की ती आपोआप बंद होते. मला ही मर्यादाच तिचा सर्वांत मोठा गुण वाटते.

आता धोका कुठे सुरू होतो ते पाहू. आज सायंकाळी साडेसहाला मुलगी तुर्भ्याजवळ गाडीत आहे, ही माहिती तासाभरात शिळी होते. ती दर मंगळवारी आणि गुरुवारी सातच्या सुमारास क्लासमधून एकटी बाहेर पडते, कोणत्या रस्त्याने स्टेशन गाठते आणि शनिवारी दुपारी घरात कोणीच नसते, ही माहिती मात्र महिनोन्‌महिने ताजी राहते. नकाशावरचा एक ठिपका फारसे काही सांगत नाही, पण ठिपक्यांची रांग माणसाचा सारा दिनक्रम सांगते, आणि तो समजल्यावर पाळत ठेवणाऱ्याला पुढे नकाशाची गरजही उरत नाही.

हे काल्पनिक भय नव्हे. फोरस्क्वेअर या ॲपवर आपण कुठे आहोत ते जाहीर करण्याची लाट आली, तेव्हा 2010 साली नेदरलँड्समधील काही तरुणांनी ‘प्लीज रॉब मी’ नावाचे संकेतस्थळ काढून, लोकांनी स्वतःच जाहीर केलेल्या नोंदींवरून कोण घराबाहेर आहे ते मांडून दाखवले होते. स्ट्राव्हा या व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपचा किस्सा याहून बोलका आहे. धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या सदस्यांच्या नोंदी एकत्र करून कंपनीने 2017 च्या अखेरीस जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते, तरीही जानेवारी 2018 मध्ये लोकांच्या लक्षात आले की निर्जन प्रदेशातील लष्करी तळांचे अंतर्गत रस्ते त्यात उजळून दिसत आहेत, कारण तेथील सैनिक रोज त्याच वाटांवर धावत होते. उपवन तलावाभोवती किंवा पाम बीच रोडवर रोज धावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. धावण्याच्या नोंदीची सुरुवात आणि शेवट बहुधा आपल्या सोसायटीच्या फाटकाशीच असतो. तो भाग लपवण्याची सोय त्या ॲपमध्ये आहे, ती जरूर वापरावी.

मैत्रिणींचा प्रश्न मला वडिलांच्या ॲपपेक्षा अधिक काळजीचा वाटतो. स्नॅपचॅटच्या यादीत शाळेतली जिवलग मैत्रीण असते, तसाच एकदाच भेटलेला कोणाचा तरी मित्रही असतो, आणि सर्व मित्रांना ठिकाण दाखवण्याचा पर्याय निवडला की नकाशा या दोघांत फरक करत नाही. त्याच ॲपमधील घोस्ट मोड सुरू केल्यास आपण नकाशावरून दिसेनासे होतो. अगदी दाखवायचेच असेल तर दोन-चार नावे निवडून तेवढ्यांनाच दाखवता येते. मैत्री तुटल्यावर ही परवानगी काढायची राहून जाते, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे. एखादा मुलगा अशा माहितीच्या आधारे तिचा नकार असतानाही वारंवार मागे येत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली तो गुन्हा आहे आणि तक्रार करण्यात संकोच बाळगू नये.

वडिलांच्या आग्रहामागची काळजी खरी आहे आणि तिचा अनादर मी करणार नाही. तथापि, सतत पाहिले जाणे म्हणजे काय, याचा विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही केला आहे. आरोपीने गूगल मॅप्सवर पिन टाकून आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला उपलब्ध ठेवावे, ही जामिनाची अट न्यायालयाने जुलै 2024 मध्ये रद्द केली आणि हालचालींवर कायम नजर ठेवणे खासगीपणाच्या हक्काविरुद्ध असल्याचे सांगितले. त्या पीठावर न्यायमूर्ती अभय ओक होते, ज्यांच्या वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात झाली. तो खटला शासन आणि आरोपी यांच्यातला होता, घरातला नव्हे, हे मला मान्य आहे. पण जे आरोपीलाही सोसायला लावू नये असे न्यायालयाला वाटले, ते अठरा वर्षांच्या मुलीवर लादताना आपण निदान थांबून विचार करावा. शिवाय ही माहिती फक्त आई-वडिलांपाशी राहते असेही नाही. कुटुंबांसाठीच बनवलेले लाइफ360 हे ॲप सदस्यांच्या ठिकाणांची माहिती इतर कंपन्यांना विकते, असे वृत्त डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर कंपनीला आपले धोरण बदलावे लागले.

म्हणून माझी सूचना अशी. मुलीने उशिराच्या परतीच्या प्रवासात स्वतःहून एक तासाचे लाइव्ह लोकेशन आईला किंवा बाबांना पाठवावे, मोठ्या ग्रुपवर टाकू नये; बाबांनीही रात्री प्रवास करताना तेच करावे, म्हणजे तिला ती पाळत वाटणार नाही. तिच्या नकळत फोनमध्ये काहीही टाकू नये. कॉलेजच्या सहलीचे फोटो त्या ठिकाणाहून निघाल्यावर टाकावेत. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला ‘नेहमी’ परवानगी दिली आहे ते मुलीसोबत बसून पाहावे. बहुतेक ॲपना ‘वापरताना’ एवढी परवानगी पुरते.

एक गोष्ट मात्र आजच घरात ठरवून घ्यावी. नेटवर्क गेले किंवा बॅटरी संपली की ठिपका जुन्याच जागी थिजतो, आणि उंच इमारतींमध्ये तो शेजारच्या रस्त्यावरही दिसू शकतो; तेव्हा ठिपका हलत नाही एवढ्यावरून घाबरून जाऊ नये. आधी तो किती मिनिटांपूर्वीचा आहे ते पाहावे, मग तिला फोन करावा, तो लागला नाही तर सोबतच्या मैत्रिणीला. त्यासाठी दोन मैत्रिणींचे क्रमांक आईच्या फोनमध्ये असावेत आणि रेल्वेगाडीतील मदतीसाठी 139 व इतरत्र 112 हे क्रमांक दोघींनाही पाठ असावेत.