कुत्र्याला सॉसेज, सलामी किंवा हॅम दिले तर चालते का?

चालत नाही. ‘एखाद्या तुकड्याने काय बिघडणार’ असे आपण विचारले आहे, आणि नेमके हेच वाक्य माझे मेहुणे वर्षानुवर्षे आमच्या जेवणाच्या टेबलावर उच्चारत आल्यामुळे सविस्तर लिहितो.

मेहुणे म्हापशाचे. पुण्याला आमच्याकडे येताना ते तिथल्या बाजारातून चोरिसांची, म्हणजे गोव्याच्या सॉसेजची, माळ आणतात. डुकराचे मांस, चरबी, मीठ, व्हिनेगर, मिरची आणि लसूण घातलेले ते चोरीस माणसासाठी अप्रतिम असते, याबद्दल आमचे दुमत नाही. दुमत आहे ते टेबलाखाली सरकणाऱ्या तुकड्यांबद्दल. मी नको म्हणत असताना त्यांनी आमच्या बीगल कुत्रीला ते भरवले, आणि दुसऱ्या दिवशी ती उलट्या करू लागली, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरून राहू लागली. पोटात तीव्र कळा येत असल्या की कुत्री अशी उभी राहतात. रक्त तपासून आणि सोनोग्राफी करून डॉक्टरांनी स्वादुपिंडाला सूज असल्याचे सांगितले; चरबीयुक्त खाणे हे त्याचे एक नेहमीचे निमित्त असते. सलाइनवर राहून ती बरी झाली. ‘आमच्या वाड्यावरची कुत्री हेच खाऊन वाढतात’ असे मेहुणे तरीही म्हणतात. वाड्यावरचे कुत्रे कशाने मेले हे कोणी तपासत नाही, हे माझे त्यावर उत्तर आहे.

चरबी बाजूला ठेवली तरी मीठ उरते. 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे 150 मिलिग्रॅम सोडियम पुरते. 100 ग्रॅम सलामीत ते 1,000 मिलिग्रॅमहून अधिक असते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही. हिरड्या फिकट पडणे, लघवी गडद होणे ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात, तोवर भरवणारा पाहुणा आपल्या घरी परतलेला असतो. माझी बहीण या वादात कर्करोग आणते, परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल दिलेला तो इशारा माणसांपुरता आहे.

लाडच करायचे असतील तर बिनमिठाचे, हाड काढलेले उकडलेले चिकन द्यावे.

अर्थात, धडधाकट मोठ्या कुत्र्याने हॅमची एक चकती पळवली, तर घाबरू नये; पाणी ठेवावे आणि लक्ष ठेवावे. चोरिसाची दोरी गिळली असेल किंवा लसणीचा ऐवज बराच पोटात गेला असेल, तर मात्र लक्षणांची वाट न पाहता डॉक्टर गाठावा, आणि मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय अजिबात करू नये.