हॉटेलात विचारायचं काय?

प्रश्न: माझ्या नवऱ्याला यंदा सिलिअ‍ॅक डिसीज (गहू, बार्लीतल्या ग्लूटेन नावाच्या प्रोटीनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) असल्याचं कळलं. घरचं स्वयंपाकाचं आता बसलंय, पण बाहेर गेलो की मेन्यूवर ग्लूटेन-फ्री लिहिलेलंच मागवूनसुद्धा कधीकधी रात्री त्याचं पोट बिघडतं. आता तो म्हणतो तुम्ही जा, मी घरीच जेवतो. मला ते अजिबात आवडत नाही. जागा निवडायची कशी?
- एक वाचक

उत्तर: मेन्यूवरचं 'ग्लूटेन-फ्री' बऱ्याचदा फक्त रेसिपीपुरतं असतं, म्हणजे त्यात गहू, बार्ली, राय (गव्हासारखंच एक धान्य) घातलेलं नाही एवढंच. ते कुठल्या तेलात तळलं, कुठल्या पाण्यात उकडलं, कोणत्या चमच्याने ढवळलं हे त्यात कुठेच येत नाही आणि तुमच्या मिस्टरांचा त्रास बहुधा तिथूनच सुरू होत असणार. फ्राइज घ्या, नुसता बटाटा, पण त्याच तेलात आधी मैद्याचं कोटिंग असलेलं काही तळलेलं असेल तर ते त्यांना चालणार नाही, कारण तळल्याने भाजल्याने ग्लूटेन जात नाही, ते प्रोटीन आहे. सॉसचंही तसंच, साध्या सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो, आणि माल्ट म्हणजे सहसा बार्लीच. बुफे तर मी सरळ टाळायलाच सांगेन, एकाच चमच्याने सगळे वाढून घेतात.

आणि 'थोडंसं गेलं तर काय होतंय' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका प्लीज. कोडेक्सच्या, म्हणजे अन्नपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या, मानकात ग्लूटेन-फ्री म्हणजे किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लूटेन, आणि रोज 50 मिलिग्रॅम जरी काही महिने पोटात जात राहिलं तरी लहान आतड्याच्या अस्तराला इजा होऊ शकते. 50 मिलिग्रॅम म्हणजे ब्रेडचा जेमतेम चुरा हो! त्रास जाणवला नाही तरी आत नुकसान होत असू शकतं, म्हणून 'काल खाल्लं, काही झालं नाही' यावरून जागा चांगली ठरवू नका.

सगळ्यात बरं म्हणजे जिथे किचनच पूर्ण ग्लूटेन-फ्री आहे अशी जागा. ती नसेल तर आदल्या दिवशी, गर्दी नसेल अशा वेळी फोन करा आणि हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारूच नका. 'ग्लूटेन-फ्री मिळेल का' म्हटलं की 'हो मॅडम' येणारच. त्यापेक्षा विचारा, फ्राइजच्या तेलात आणखी काय काय तळता, पास्ता कुठल्या पाण्यात उकडता, ग्रिलवर ब्रेड भाजता ती जागा कुठली. जो माणूस 'थांबा, शेफना विचारून सांगतो' म्हणतो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवीन. हा आजार आहे, डाएट नाही, हे आवर्जून सांगा. परदेशात जाणार असाल तर तिथल्या भाषेतलं छापील कार्ड जवळ ठेवा, ते थेट किचनमध्ये पाठवता येतं.

राहिलं त्यांचं 'तुम्ही जा'. दर वेळी चारचौघांत वेटरला प्रश्न विचारत बसायचा कंटाळा येतो माणसाला, तेच असेल कदाचित. तो फोन तुम्ही करा (त्यांना चालणार असेल तर, आधी विचारून घ्या) आणि ग्रुपचा प्लॅन ठरतानाच त्यांना चालणारी जागा आधी सुचवा, म्हणजे टेबलावर बसल्यावर हा विषयच निघणार नाही. एवढं करूनही पोट बिघडत राहिलं तर डॉक्टरांना सांगून अँटीबॉडीची रक्ततपासणी करून घ्या, ग्लूटेन अजून पोटात जातंय का याचा त्यातून अंदाज येतो; कधीकधी ग्लूटेन घरातूनच जात असतं, एखाद्या मसाल्यातून किंवा औषधाच्या गोळीतूनसुद्धा.