गाठी झालेल्या शिक्षिकेने स्ट्रॉचे व्यायाम करावेत की गुणगुणण्याचे?

ताई, तुम्ही निपाणीकडे शाळेत शिकवता, आवाज सहा महिने घोगरा आहे, कॅमेऱ्याच्या तपासणीत स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. एक थेरपिस्ट स्ट्रॉ सांगतात, दुसरे गुणगुणायला. कोणते धरू, असे विचारलेत. मी दोन्ही धरले आणि तुम्हीही तेच करा, असे सांगेन.

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत आहे. वर पत्रे, आणि पावसाळ्यात त्यावर असा मारा की पुढच्या बाकावरच्या पोरालाही पाढा ऐकू जात नाही. ओरडून ओरडून गाठी आल्या.

अरुंद स्ट्रॉमधून 'ऊ' काढताना तोंडात दाब तयार होतो, त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर आपटत नाहीत, हलके भिडतात. दोन तासांच्या मध्ये दोन मिनिटे केले तरी घसा सैल पडतो. मला लगेच मानवले. पण वर्गात गेले की आवाज पुन्हा जुन्या वाटेला. ती वाट गुणगुणण्याने बदलली. 'म्' धरायचा, ओठांवर आणि नाकाच्या हाडावर कंप जाणवला की तोच कंप 'मामा', 'माझी माय' असा शब्दांत न्यायचा. शेवटी थेरपिस्टबाईंनी माझ्या वर्गाची हजेरी त्या आवाजात घ्यायला लावली. त्याला महिना लागला, आणि खरा फरक तिथेच पडला. तुमच्या हजेरीची वही घेऊन जा.

पाणी पिणे, खाकरणे टाळणे हे हवेच, पण नुसत्या तेवढ्याने भागत नाही. अमेरिकेत २००१ ते २००३ मध्ये शिक्षकांवर झालेल्या अभ्यासांत फक्त अशी काळजी सांगितलेल्यांना फारसा फायदा झाला नाही. आवाजाचे व्यायाम करणाऱ्यांना आणि माईक वापरणाऱ्यांना झाला. कमरेला लावायचा छोटा स्पीकर घ्याच. मी लाजेपायी एक वर्ष घालवले, त्याचे आजही वाईट वाटते.

एक मात्र सांभाळा, दुसऱ्याची थेरपी उचलू नका. आमच्या शेजारच्या काकांना पार्किन्सन्स आहे, आवाज अगदी बारीक झालाय. त्यांना एलएसव्हीटी ही पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठीची आवाजाची थेरपी दिली: आठवड्याला ४ याप्रमाणे महिन्यात १६ बैठका, आणि सगळा भर मोठ्याने बोलण्यावर. त्यांना ती हवी होती. तुमच्या गाठींना असा जोर नको.

व्यायाम सहा-आठ आठवडे रोज करा, मग पुन्हा कॅमेऱ्याने बघून घ्या. माझी एक गाठ गेली, दुसरी बारीक झाली आहे.