ग्रंथालयाचा मराठी अहवाल लिब्रेऑफिसमध्ये करता येईल का? अडलं तर मदत मिळते का?

करता येईल. लिब्रेऑफिस हे एमएस ऑफिससारखंच काम करणारं, फुकट मिळणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याचा कोड (प्रोग्रामची मूळ लिखावट) सगळ्यांना खुला असतो. एमएस ऑफिसच्या परवान्याला पैसे नसतील तर खुशाल करा. मदतीचं मात्र सविस्तर सांगावं लागेल.

मी 'ब' वर्ग ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. 2019 साली वार्षिक सभेचा 48 पानी अहवाल मी लिब्रेऑफिसमध्ये टाइप केला. युनिकोड (कुठल्याही संगणकावर चालणारी अक्षरं), इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगचा कीबोर्ड), सगळं रीतसर. मग शीर्षकाची स्टाइल, म्हणजे सगळ्या शीर्षकांचं रूप एकाच जागी ठरवायची सोय, उघडून अक्षराचा आकार 18 केला. 'जमाखर्च' या शीर्षकाचा आकार तसाच राहिला, पण त्याच ओळीत रोमन लिपीत लिहिलेलं बँकेचं नाव मोठं झालं. सभा चार दिवसांवर. मराठी आशियातलीच भाषा, म्हणून सेटिंगमध्ये 'एशियन'वर खूण करून पाहिली. ते चिनी, जपानी, कोरियनसाठी असतं हे मला कोण सांगणार?

शेवटी मदतीच्या ठिकाणी विचारलं. पहिलं उत्तर आलं, आधी मदतपुस्तिका वाचा. दुसरं आलं, फुकट मिळतंय, नको असेल तर वापरू नका, नाहीतर कोड स्वतः दुरुस्त करा. मी प्रत्येक शीर्षक हाताने निवडून मोठं केलं, रात्री दोनपर्यंत. खरं उत्तर अकरा दिवसांनी एका भल्या माणसाने एका ओळीत दिलं. तोवर सभा होऊन गेली होती.

ते उत्तर असं: ऑप्शन्समध्ये भाषेच्या भागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर (सीटीएल, देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय) खूण करा. मग स्टाइलच्या फॉन्टच्या पानावर दोन भाग दिसतात, एक रोमन लिपीचा, एक सीटीएलचा. देवनागरी त्यातल्या सीटीएलच्या भागाचा फॉन्ट आणि आकार घेते. खूण नसेल तर तो भाग दिसतच नाही. कोट्यवधी लोकांची लिपी एका चौकटीमागे दडवून ठेवायची आणि वर वापरणाऱ्यालाच अडाणी ठरवायचं, हे मला आजही पटत नाही.

पुण्यातला माझा भाचा प्रोग्रामर आहे. तो म्हणतो, "मावशी, लोक पगार न घेता काम करतात, दानाच्या गाईचे दात मोजू नयेत." त्याला द्यायचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, ते इथे लिहिते. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प, म्हणजे पूर्ण मुक्त संगणक-प्रणाली बनवायचा बेत, जाहीर केला. ते वर्षानुवर्षं सांगत आलेत की मुक्त म्हणजे फुकट नव्हे, मुक्त म्हणजे स्वातंत्र्य. मग गौरव करताना स्वातंत्र्य म्हणायचं आणि तक्रार आली की फुकट म्हणायचं, हे कसं चालेल? ज्याला कोड येत नाही त्याचं स्वातंत्र्य म्हणजे त्याला समजेल असा पडदा आणि सरळ उत्तर. पगार नसला तरी सरळ बोलायला पैसे पडत नाहीत. तालुक्यातल्या सहा ग्रंथालयांना मी ती खूण फोनवरून दाखवली आहे, एकालाही पुस्तिका वाच म्हटलं नाही.

तेव्हा विचारा, पण सभेच्या महिनाभर आधी विचारा, आणि आवृत्ती नि पडद्याचं चित्र सोबत द्या. काही संगणकांवर ती खूण आधीच असते, मग हा त्रास होणार नाही. जुने अहवाल श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये) असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. छापखान्याला पीडीएफच द्या, वर्डमध्ये उघडलं की पानं सरकू शकतात.