रोजच्या वागण्यात ख्रिस्ती शिकवण कशी आणायची? – माझं उत्तर

तुम्ही विचारलंय की दर रविवारी चर्चला जातो, बायबल वाचतो, तरी बायको म्हणते की तुमच्या वागण्यात काडीचा फरक नाही, मग शिकवण स्वभावात उतरवायची कशी. बायकोचं ऐका आधी. चर्चमधले लोक आपल्याला आठवड्यातून दोन तास बघतात, ती रोज बघते.

मी पाळक वगैरे नाही, धरणगाव भागातला कापसाचा माणूस आहे, सात-आठ वर्षं एका व्यापाऱ्याकडे खेडा खरेदीत, म्हणजे गावोगावी जाऊन कापूस विकत घेण्यात, वजनकाट्यावर होतो. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास कापूस घरात येतो, शेतकऱ्याला पैशाची निकड असते आणि तेव्हाच मापात मारलं जातं, गठोड्यामागे किलो-अर्धा किलो, वर ओल आहे म्हणून कटती, म्हणजे वजनातली कपात, वेगळी. मीही मारायचो. मालकाचा हुकूम आहे, मी काय करणार, असं म्हणायचो आणि रविवारी पहिल्या बाकावर. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या ११व्या अध्यायाची सुरुवातच खोट्या तराजूपासून होते, देवाला त्याची किळस आहे म्हणून. कितीदा वाचलं असेल, पण ते काट्यावरच्या माणसाबद्दल आहे हे कधी डोक्यात शिरलंच नाही.

एकदा एका म्हाताऱ्या आजींनी माप झाल्यावर गळ्यातला क्रॉस बघून विचारलं, "भाऊ, तुना देव काटावर बठत नई का?" बस, एवढंच. भांडल्या असत्या तर मी उलट बोललो असतो.

मग बायबलमधली जक्कयाची गोष्ट परत वाचली, लूकच्या शुभवर्तमानाचा १९वा अध्याय. जकातदारांचा मुख्य, भरपूर पैसा. येशू त्याला पैसे परत कर म्हणत नाही हो, फक्त तुझ्या घरी आज उतरायचंय म्हणतो, आणि निम्मी मालमत्ता गरिबांना, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट, हे जक्कय स्वतःहून बोलतो. मला वाटतं उलटं समजण्यात आपली चूक होते, आधी चांगलं वागू मग देव जवळ घेईल असं आपण धरून चालतो.

मी काय जक्कय नाही, चौपट जमलं नाही. जी घरं आठवत होती त्यांना अंदाजाने हिशोब करून पैसे नेऊन दिले, काहींनी घेतले, एकाने शिव्या घालून घेतले. नोकरी अर्थातच गेली.

तुमच्यासाठी एकच सांगतो, मत्तय ५ मधलं, वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायला जा. म्हणजे बायकोशी फटकून बोलून आलात तर आधी घरी फोन लावा. गलतीकरांस पत्रात पवित्र आत्म्याचं फळ म्हणून प्रीती, सहनशीलता, सौम्यता अशी नऊ नावं आहेत पण फळ मात्र एकवचनी लिहिलंय, आणि केळीला घड लागायलाही महिने जातात हे जळगाववाल्याला काय सांगायचं. माझा राग अजून गेलेला नाही, परवाच पोरावर ओरडलो, रात्री माफी मागितली तर तो मोबाईलमधून मान वर न काढता "बरं" म्हणाला.

आता माझी स्वतःची छोटी खरेदी आहे. काट्याजवळ २० किलोचं शिक्क्याचं वजन ठेवतो, ज्याला तपासायचं त्याने तपासावं. त्या आजींचा नातू येतो कापूस घेऊन, तो अजून दोनदा तपासतो.