डोक्यातली गाठ अंगात उतरते का?

मेनिंजिओमाबद्दल, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणात होणाऱ्या गाठीबद्दल, या वेळी कोल्हापूर आणि परिसरातून बरीच पत्रं आली. भीती सगळ्यांची एकच, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

आईच्या गाठीचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये 'ग्रेड १' आहे. शेजारी म्हणतात, मेंदूची गाठ अंगभर पसरते. खरं का? (कागल)

शेजाऱ्यांना चहा द्या, सल्ला घेऊ नका. ही गाठ मुळात मेंदूची नव्हे, मेंदूभोवतीच्या आवरणाची. हार्वे कुशिंग या शल्यविशारदाने १९२२ मध्ये तिला हे नाव दिलं. ग्रेड १ म्हणजे सर्वांत सौम्य, ग्रेड ३ म्हणजे सर्वांत आक्रमक; दहातल्या आठ गाठी ग्रेड १ च्याच निघतात. कवटीबाहेर पसरण्याचं प्रमाण सगळे ग्रेड धरूनही हजारात एकाच्या आसपास, आणि त्यात बहुतेक ग्रेड २-३ च्या. ग्रेड १ पसरल्याच्या तुरळक नोंदी आहेत, त्यामुळे 'कधीच नाही' असं मी लिहिणार नाही. पण आईंच्या बाबतीत लक्ष ठेवायचं ते गाठ त्याच जागी परत येते का यावर.

वडिलांची ग्रेड ३ ची गाठ दोनदा काढली. आता छातीच्या सीटीत ठिपके दिसतात. डोक्यातून फुफ्फुसात कशी जाईल? (इचलकरंजी)

रक्तातून. मेंदूचं अशुद्ध रक्त आवरणातल्याच मोठ्या शिरांमध्ये गोळा होतं. गाठ तिथंच चिकटलेली असते, कधी शिरेच्या आतही शिरते. तिथून सुटलेल्या पेशी मानेच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि थेट फुफ्फुसात येतात. पंचगंगेत पडलेला पाचोळा नृसिंहवाडीला कृष्णेत जातो, पण वाटेत बंधाऱ्याला अडकतो. तो पहिला बंधारा म्हणजे फुफ्फुस. म्हणून पसरलेली गाठ सर्वांत जास्त तिथं सापडते. त्याखालोखाल यकृत, हाडं, लसिकाग्रंथी. मणक्याभोवतीच्या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे हाडांकडे जायला आडवाटही आहे.

ग्रेड ३ आणि दोनदा काढावी लागलेली गाठ, म्हणजे शंका रास्त आहे. तरी ठिपका दिसला की गाठच, असं धरू नका. आपल्याकडे जुन्या टीबीचे वण कितीतरी छात्यांमध्ये असतात. फुफ्फुसाचा स्वतंत्र कॅन्सरही असू शकतो. सुईने तुकडा काढून तपासणं हाच मार्ग. जिथं आधीची तपासणी झाली त्या लॅबमधून जुने ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड मागून घ्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पॅथॉलॉजिस्ट ठामपणे सांगू शकत नाही. मेनिंजिओमाच निघाला आणि ठिपके मोजकेच असले तर ते काढता येतात किंवा रेडिएशन देता येतं. खात्रीचं औषध मात्र अजून हाती नाही, हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

बहिणीला चार वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. आता एमआरआयमध्ये 'मेनिंजिओमा' लिहिलंय. तिकडचा कॅन्सर इकडे आला का? (गडहिंग्लज)

प्रश्न उलटा आहे आणि फार चांगला आहे. स्तनाचा कॅन्सर मेंदूच्या आवरणात जाऊन बसला तर एमआरआयवर हुबेहूब मेनिंजिओमासारखा दिसू शकतो. दोन्ही आजार स्वतंत्रपणे एकाच बाईला होतात, हेही तितकंच खरं. म्हणून जुना आजार न्यूरोसर्जनना आधी सांगा. घरात मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून कॅन्सरची फाइल कपाटात ठेवून आलेली माणसं मी पाहिली आहेत. अशानं उपचाराची दिशाच चुकते.

ऑपरेशनला सहा वर्षं झाली, ग्रेड १. दरवर्षी सगळ्या अंगाचा पेट स्कॅन करू का? (शाहूपुरी)

नको. नेहमीचा पेट स्कॅन शिरेतून दिलेली साखर कुठं जास्त खपते ते दाखवतो, आणि मेंदू स्वतःच एवढी साखर खातो की आवरणातली गाठ त्यात हरवते. तुम्हाला डोक्याचा कॉन्ट्रास्ट एमआरआय पुरे; आता दोन वर्षांनी एकदा केला तरी चालतो का, ते सर्जनना विचारा. खोकला हटत नसेल, रात्री पाठीचं हाड ठणकत असेल, कारणाविना वजन उतरत असेल, तर तेवढ्यापुरती तपासणी करू. आणि सहा वर्षांपूर्वीची सीडी शोधून ठेवा, नवा एमआरआय तिच्याशीच ताडून बघायचाय.